कॉलेजच्या पोरांसाठी बजेट पीसी स्वतः असेंबल करायचाय? पहिल्यांदाच करणाऱ्यांनी आधी हे वाचा

ॲडमिशनचा सीझन आला की मला फोन सुरू होतात. "अरे, मुलीला कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळाली, पीसी कुठला घेऊ?" दरवेळी तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून यावेळी एकदाच सगळं लिहून काढतोय, पुढच्या फोनला सरळ हेच पाठवणार. मी काही हार्डवेअरवाला नाही. नोकरी वेगळीच आहे. पण २०२१ मध्ये स्वतःचा पीसी जोडताना जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या, आणि २०२४ मध्ये भाचीला पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा तिच्यासोबत बसून दुसरा जोडला, तो बराच नीट झाला. खाली आहे ते या दोन पीसींतून शिकलेलं.

१. आधी ठरवा, डेस्कटॉप हवाच का

पोरगं घरून कॉलेजला जाणार असेल किंवा फ्लॅट घेऊन राहणार असेल तर डेस्कटॉप घ्या, त्याच पैशात लॅपटॉपपेक्षा बरंच जास्त मिळतं आणि चार वर्षांनी एक पार्ट गेला तर तेवढाच बदलता येतो. हॉस्टेलला राहणार असेल तर आधी रेक्टरला विचारा. बऱ्याच हॉस्टेलमध्ये डेस्कटॉप चालत नाही, कुठे लाइट बिलाचे वेगळे पैसे घेतात, कुठे टेबलच एवढंसं असतं की मॉनिटर ठेवला की वही मांडीवर. आणि दर सुट्टीला गावी न्यायचा असेल तर एसटीच्या डिकीत मॉनिटर टाकून बघा एकदा, मग कळेल. अशावेळी गपचूप लॅपटॉप घ्या आणि हा लेख इथेच सोडा, राग नाही.

२. काम काय आहे ते कागदावर लिहा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो "बजेट किती?" आणि आपण आकडा सांगितला की दुकानदार बरोब्बर तेवढ्याचंच काहीतरी काढून देतो. म्हणून काम आधी लिहून न्या.

कोडिंग, वेब डेव्हलपमेंट, डेटाबेस, ऑनलाइन लेक्चर, पीपीटी, टॅली, थोडंफार गेमिंग, यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. लागत नाही म्हणजे खरंच लागत नाही. पोरगं म्हणेल मशीन लर्निंगला लागतं, तर शिकण्यापुरतं काम ब्राउझरमध्ये गूगलच्या कोलॅबवर फुकट होतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रोजेक्टला गरज पडली तर तेव्हा कार्ड टाका, त्यासाठी जागा ठेवून आत्ता बाकीचं घ्या. मेकॅनिकल-सिव्हिलच्या पहिल्या दोन वर्षांचं ऑटोकॅडही बिनकार्डाचं चालतं, आणि हो, ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, कॉलेजचा पुरावा दिला की झालं, क्रॅक शोधत बसू नका. आर्किटेक्चर, थ्रीडी रेंडरिंग आणि रोजचं व्हिडिओ एडिटिंग मात्र वेगळं प्रकरण आहे, तिथे कार्ड लागतंच आणि चाळीस हजारांच्या बजेटमध्ये ते नीट बसत नाही.

३. पैसे कुठे टाकायचे

भाचीच्या पीसीचा हिशोब जसाच्या तसा देतो, २०२४ च्या ऑगस्टमधला. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी ११,५००, ए५२० चिपसेटचा मदरबोर्ड ५,२००, रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक ३,४००, ५०० जीबी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान) एसएसडी ३,३००, एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) ३,६००, कॅबिनेट २,४००. झाले २९,४००. वर मॉनिटर ७,२००, कीबोर्ड-माउस ९००, यूपीएस २,९००. एकूण ४०,४००. भावोजींनी चाळीस सांगितले होते, वरचे चारशे मामाने घातले.

हे भाव आज मिळणार नाहीत. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांमुळे भडकले आणि एसएसडी पण त्याच वाटेने गेली, त्यामुळे आकडे पाठ करू नका, वाटणी बघा. बघा की एसएमपीएसला कॅबिनेटपेक्षा जास्त पैसे गेलेत. पहिल्यांदा घेणारा नेमकं उलटं करतो, पाच हजारांचं काचेचं, चार रंगीत पंख्यांचं कॅबिनेट घेतो आणि आत बाराशेचा एसएमपीएस कोंबतो. पीसीत जे डोळ्याला दिसतं त्यावर कमी खर्च करा आणि जे कॅबिनेटच्या पोटात जाऊन बसतं त्यावर जास्त, एवढं एक धरून चाललात तरी निम्म्या चुका टळतील.

मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड हे बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. "सीपीयू तीस हजारात झाला" म्हणून खूश होणारे नंतर मॉनिटरसाठी घरच्यांच्या तोंडाकडे बघतात. आणि पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी असतो, कोटेशन घेताना तो धरून की सोडून हे विचारा, फोनवर भाव सांगताना हमखास सोडून सांगतात.

४. पार्ट निवडताना

*प्रोसेसर.* इथे दोन खड्डे आहेत आणि त्यातल्या एकात मी स्वतः पडलोय.

पहिला खड्डा अक्षराचा. इंटेलच्या नावामागे एफ असेल, म्हणजे १२१००एफ, १२४००एफ, तर त्यात डिस्प्लेची सोयच नसते, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं. एफ नसलेला १२१०० असेल तर आतच ग्राफिक्स आहे. एएमडीच्या या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) पिढीत उलटं, तिथे जी असेल तर ग्राफिक्स आहे, नुसता ५६०० असेल तर नाही. २०२१ मध्ये मी दीड हजार वाचतायत म्हणून १०४००एफ घेतला, घरी आणून जोडला, पंखे फिरले आणि स्क्रीन काळीकुट्ट. ते वर्ष आठवा, ग्राफिक्स कार्डचा जगभर दुष्काळ होता, असलेली दुप्पट-तिप्पट भावाने जात होती. दुकानदार म्हणाला बॉक्स फोडलाय, परत घेणार नाही. शेवटी कुणाचं तरी जुनं जीटी ७१० सेकंडहँड घेतलं, निव्वळ डेस्कटॉप दिसावा म्हणून, आणि ते त्या वाचवलेल्या दीड हजारापेक्षा महाग पडलं.

दुसरा खड्डा "आय७"चा. "आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, फक्त १५ हजार, एक वर्ष वॉरंटी" अशा जाहिराती दिसतात ना, तिथे विचारा कितव्या जनरेशनचा. बहुतेकदा तो आय७ २६०० किंवा ३७७० निघतो, म्हणजे २०११-१२ चा माल, एच६१ नावाच्या नव्याने छापलेल्या लोकल बोर्डावर बसवलेला. साधा चार कोअरचा आय३ १२१०० त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हा आय७ घेतलात तर पहिल्या दिवसापासून जुगाड. बजेट खरंच पंधराच असेल तर ऑफिसमधून निघालेला आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड ब्रँडेड डेस्कटॉप बघा, तो जास्त प्रामाणिक सौदा आहे, फक्त त्यातले एसएमपीएस-बोर्ड स्वतःच्याच साइजचे असतात त्यामुळे पुढे वाढवायला अवघड.

आम्ही ५६००जी घेतला कारण सहा कोअर, बारा थ्रेड, आत बरे ग्राफिक्स, आणि कूलर बॉक्समध्येच येतो. तो २०२१ चा आहे, नवीन नाही. पैसे थोडे जास्त असतील तर एएम५ सॉकेट आणि डीडीआर५ रॅमकडे जा, त्याला पुढे प्रोसेसर बदलायला वाव जास्त आहे. पण एक लक्षात ठेवा, डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या बोर्डात बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते, त्यामुळे "रॅम घरात आहे" म्हणून सुरुवात करू नका.

*मदरबोर्ड.* प्रोसेसरच्या सॉकेटचा घ्या, एम.२ स्लॉट (एसएसडी बसायची जागा) बघा, एचडीएमआय पोर्ट आहे का बघा, झालं. एक विचारायचं, "या बोर्डाचं बायोस ५००० सिरीजला रेडी आहे का?" बायोस म्हणजे पीसी सुरू करणारं, बोर्डातच असलेलं सॉफ्टवेअर. जुना स्टॉक असेल तर प्रोसेसर ओळखलाच जात नाही. दुकानात अपडेट करून द्या म्हणायचं, देतात.

*रॅम.* १६ ची एक स्टिक घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून उचलतात, एकच स्टिक असली की रस्ता एकेरी होतो आणि गेम तर सोडा, थ्रीडी मॉडेल फिरवताना पण अडखळतं. दुकानदार म्हणेल "एक घ्या, पुढे दुसरी टाकता येईल". ते रॅम महाग झालीय म्हणून ठीक आहे, पण मग पुढची टाकायचीच, आणि त्याच स्पीडची.

*एसएसडी.* एनव्हीएमई, ५०० जीबी. या प्रोसेसरला जेन ४ चा (एसएसडीच्या वेगाची पुढची पिढी) फायदा मिळत नाही, तो जेन ३ च आहे, त्यामुळे सेकंदाला ७००० एमबी लिहिलेल्या ड्राइव्हला जादा पैसे देऊ नका. हार्डडिस्क पुढे सिनेमांसाठी टाका हवी तर, विंडोज चुकूनही तिच्यावर टाकू नका.

*एसएमपीएस.* इथे जरा थांबा. कॅबिनेटसोबत "फ्री" येणारा, ४५० वॅट लिहिलेला एसएमपीएस हातात घेऊन बघा, बऱ्याचदा पाव किलोच्या बिस्किट पुड्यासारखा हलका लागतो. स्टिकरवरच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा, त्याला बाराने गुणा, खरा दम तेवढाच. १४ अँपिअर असेल तर १६८ वॅट, ४५० कसले. आपल्या पीसीला शंभर-सव्वाशे वॅटच लागतात हे खरं, पण प्रश्न वॅटचा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते येते, व्होल्टेज खालीवर होतं, तेव्हा चांगला एसएमपीएस स्वतः बंद होतो आणि भंगार एसएमपीएस जाताना बोर्ड, एसएसडी सगळं सोबत घेऊन जातो. ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवतो याचं सर्टिफिकेट), नावाजलेल्या कंपनीचा, ४५० ते ५५० वॅटचा घ्या, तीन किंवा पाच वर्षं वॉरंटीचा. पुढे कार्ड टाकलं तरी तोच चालेल.

*कॅबिनेट आणि मॉनिटर.* कॅबिनेटला समोर जाळी हवी, काच नको. मॉनिटर २२ किंवा २४ इंची आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारा), फुल एचडी, आणि घरी आणल्या आणल्या एकदा पूर्ण पांढरी आणि एकदा पूर्ण काळी स्क्रीन लावून डेड पिक्सेल (बिघडलेले ठिपके) बघा, परत करायची मुदत असते तोवरच.

५. खरेदी आणि कागदपत्रं

पूर्ण यादी पक्की झाल्याशिवाय एकही पार्ट घेऊ नका, सेलमध्ये स्वस्त मिळाला तरी. एक पार्ट आधी घेतला की बाकी सगळे त्याच्यामागे फरपटत जातात.

ऑनलाइनचा भाव, जवळच्या दुकानाचं कोटेशन आणि जमलं तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड, तिन्ही बघा. आम्ही प्रोसेसर, बोर्ड, रॅम लॅमिंग्टन रोडवरून आणले, मॉनिटर पुण्यातच घेतला. पुण्याहून जाणाऱ्यांसाठी, सकाळची डेक्कन क्वीन पकडून दादरला उतरा, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरा, फास्ट तिथे थांबत नाही. रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात, आणि पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, तोच तो. खरं सांगायचं तर तिकीट आणि वडापाव धरून फार काही वाचत नाही आता, पण तीन-चार दुकानांत एकाच पार्टचे भाव विचारत फिरलं की पोरांना जेवढं कळतं तेवढं व्हिडिओ बघून कळत नाही. भाची दुसऱ्या दुकानातच स्वतः विचारायला लागली, "काका, हा बॉक्स्ड आहे की ट्रे?"

तो प्रश्न महत्त्वाचा. ट्रे प्रोसेसर म्हणजे कंपनीच्या खोक्याशिवाय, सुटा. त्यावर कंपनी वॉरंटी देत नाही, दुकानदार तोंडी देतो आणि तोंडी वॉरंटीचं काय होतं ते सांगायला नको. तसंच "बिल नको असेल तर हजार कमी" म्हणतील. बिल घ्याच.

घरी एका फाइलमध्ये हे ठेवा:

- प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर छापलेला. नुसतं "मदरबोर्ड १ नग" लिहिलेलं चालवून घेऊ नका
- बिल पोराच्या किंवा घरच्यांच्या नावावर, मित्राच्या नावावर नको
- वॉरंटी कार्ड असेल तिथे ते
- सगळ्या खोक्यांवरच्या सिरियल नंबरचे फोटो, कारण थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं, त्या बिलाचाही फोटो काढा
- तुमच्या शहरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे तो पत्ता, आणि हा घ्यायच्या आधीच बघायचा

६. जोडायच्या आधी हाताशी काय हवं

- एक बऱ्यापैकी स्टार स्क्रूड्रायव्हर, टोकाला लोहचुंबक असलेला
- एका वाटीत स्क्रू. एम.२ चा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो, सतरंजीवर पडला की विसरा
- केबल बांधायला झिप टाय, कात्री
- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, त्यात विंडोज किंवा लिनक्स आधीच टाकून ठेवलेलं
- मोबाइलची टॉर्च धरायला दुसरा माणूस

स्टॅटिकची भीती घालतात लोक, पण मनगटाचा पट्टा नसला तरी चालतं. गालिच्यावर, लोकरीचा स्वेटर घालून बसू नका आणि अधूनमधून कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला हात लावा.

७. जोडणी

सगळं आधी कॅबिनेटच्या बाहेर जोडा, मदरबोर्डच्या खोक्यावर बोर्ड ठेवून. सगळं आत बसवल्यावर कळलं की डिस्प्ले नाही, तर परत पंचवीस स्क्रू काढत बसाल.

प्रोसेसर: सॉकेटची दांडी वर करा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे, तसाच सॉकेटवर आहे, दोन्ही जुळवा आणि सोडा. दाबायचं नाही. बरोबर असेल तर स्वतःच्या वजनाने आत पडतो, आवाजसुद्धा येत नाही. एएम४ ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एक वाकली तर सरळ करायला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. इंटेलच्या १२व्या पिढीला पिना बोर्डावर असतात, तिथे सॉकेटमध्ये बोट घालू नका.

कूलर: ५६००जी सोबतच्या कूलरला थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आधीच लावलेली असते, तिला बोट लावून बघू नका (प्रत्येकजण लावतो). बोर्डावर कूलरसाठी दोन प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, या कूलरला त्या काढाव्या लागतात कारण तो थेट मागच्या पत्र्यात स्क्रूने बसतो. आणि इथे गंमत अशी की पट्ट्या काढल्या की मागचा तो पत्रा धप्पकन खाली पडतो आणि माणूस दचकतो की काय तुटलं. काही तुटलं नाही, खालून एका हाताने तो धरून ठेवा. चार स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर. कधी कूलर काढायची वेळ आली तर पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून हळू पिळत काढा, सरळ ओढलात तर चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.

रॅम: खाच जुळवून दोन्ही टोकांना टक असा आवाज येईपर्यंत दाबा, इथे मात्र जोर लागतो. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात.

एसएसडी: तिरकी घाला, खाली दाबा, तो तांदळाएवढा स्क्रू लावा.

आता एसएमपीएसच्या दोन केबल, २४ पिनची मोठी आणि प्रोसेसरजवळची ८ पिनची. मॉनिटर जोडा, चालू करायला पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा, कुठल्या दोन पिना ते बोर्डाच्या पुस्तकात आहे. स्क्रीनवर कंपनीचा लोगो दिसला की लाइट बंद करून मग कॅबिनेट.

कॅबिनेटमध्ये आधी मागची पोर्टांची पट्टी बसवा, मी दोन्ही वेळा विसरलो. मग पितळी स्टँड बघा. बोर्डाला जिथे भोकं आहेत तिथेच स्टँड हवेत. मोठ्या बोर्डासाठी लावलेला एखादा जादा स्टँड लहान बोर्डाच्या खाली राहिला तर पाठीमागून शॉर्ट होऊ शकतं, तो काढा. पुढच्या बटणांच्या बारीक वायरी हा सगळ्यात वैतागाचा भाग, पॉवर आणि रिसेटच्या उलट्या लागल्या तरी चालतात, एलईडीच्या प्लस-मायनस बघून लावाव्या लागतात. हे कॅबिनेटमध्ये बोर्ड आवळायच्या आधी लावले तर बोटं सोलत नाहीत.

८. डिस्प्ले आला नाही तर

येणार नाही. पहिल्या फटक्यात सहसा येत नाही, त्याची तयारी ठेवा.

भाचीच्या वेळी रात्रीचे साडेदहा वाजलेले, पंखा फिरतोय, बोर्डावर लाइट लागलाय, स्क्रीनवर "नो सिग्नल". ताई चहाचा कप घेऊन दारात उभी, "चाळीस हजारांचं वाटोळं केलंत ना?" भाची रडायच्या बेतात. मी रॅम काढून घातली, मॉनिटरची केबल बदलली, काही नाही. मग टॉर्च मारून बघितलं तर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात ती ८ पिनची जागा रिकामी. बाहेर टेस्ट करताना लावली होती, कॅबिनेटमध्ये घालताना काढली आणि मागच्या बाजूने परत ओढायची राहिली. पंखे फिरायला ती लागत नाही, प्रोसेसरला लागते.

तर या क्रमाने बघा. मॉनिटरचा इनपुट एचडीएमआयवर आहे का. केबल बोर्डाला आहे ना (पुढे ग्राफिक्स कार्ड टाकलंत तर ती कार्डाला लावायची, बोर्डाला नाही). ८ पिन. मग एकच रॅम, एकदा या स्लॉटला एकदा त्या. मग लाइट बंद करून बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून परत. बोर्डावर बारीक डिबग लाइट असतील तर कुठला अडकून राहतोय ते बघा, बाजूला सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम) असं लिहिलेलं असतं. एवढं करूनही नाही तर बोर्ड-प्रोसेसर तसेच उचलून दुकानात न्या, आठ-दहा दिवसांच्या आत.

९. बायोस आणि विंडोज

चालू होताना डिलीट दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम तिच्या छापील स्पीडने चालवायची सेटिंग) चालू करा. हे न केल्यामुळे ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालवणारे मी डझनभर पाहिलेत, पैसे दिलेत ३२०० चे. विंडोज आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करून स्पीड तपासा. तिथेच १६ ऐवजी थोडी कमी रॅम वापरायला दिसेल, ती ग्राफिक्सने बाजूला ठेवलेली असते, चोरीला गेली नाही.

बायोस अपडेट गरज असेल तरच, आणि यूपीएसवर असतानाच. अर्ध्यात लाइट गेली की बोर्ड गेला असं समजा.

विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच उतरवा. इन्स्टॉल करताना ते इंटरनेट मागतं आणि स्वस्त बोर्डात वायफाय नसतंच, तिथे नव्वद टक्के लोक अडकतात. सोपा उपाय, अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं. पुढे पाचशे रुपयांचा वायफाय डोंगल किंवा लॅनची वायर. लायसन्सच्या तीन-चारशे रुपयांच्या "की" विकतात त्यांच्या नादी लागू नका, ॲक्टिव्हेट न करताही विंडोज चालतं, कोपऱ्यात पुसट अक्षरं दिसतात एवढंच. आणि कॉम्प्युटरवाल्या पोरांनी उबुंटू शेजारी टाकून घ्या, कॉलेजात नंतर लागतंच.

१०. अर्थिंग आणि यूपीएस

हे लोक शेवटी बघतात, मीही शेवटी लिहिलं. पीसी चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला उलट्या हाताने स्पर्श केला आणि मुंग्या आल्यासारख्या झिणझिण्या आल्या तर घरात अर्थिंग नाही किंवा त्या स्विचबोर्डाला जोडलेलं नाही. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत तर हमखास. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घालणं हा त्यावरचा उपाय नाही, वायरमनला बोलवा, घरमालकाशी भांडा.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो, म्हणजे साधारण ३६० वॅट. लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करून बंद करायला दहा मिनिटं मिळतात, त्यावर बसून असाइनमेंट पूर्ण करायची नाही. प्रिंटर त्याला जोडू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, ते धरून चाला.

शेवटचं राहिलं ते खोक्यांचं. बोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटरचे खोके आतल्या थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा, वॉरंटीला पाठवताना आणि खोली बदलताना लागतात. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण त्याच दिवाळीच्या साफसफाईत ताईने बोर्डाचा खोका रद्दीत घातला होता, तो मी रद्दीवाल्याला जिन्यात गाठून वीस रुपयांना परत विकत घेतला.